वर्षानुवर्षे उभी असलेली मोटार सुरू करताना



आपल्या कार्यक्षेत्रात वस्त्यांवर फिरताना एक गोष्ट हटकून दिसते. गोठ्याशेजारी पत्र्याची शेड, शेडमध्ये खताच्या पोत्यांची थप्पी, आणि मागच्या अंगाला ताडपत्रीखाली जुनी मोटार. कुठे विलीज जीप, कुठे कुर्ल्याच्या कारखान्यातली फियाट, कुठे ॲम्बॅसॅडर. कुणाच्या वडिलांनी उसाच्या बिलातून घेतलेली, कुणाच्या चुलत्यांनी निवडणुकीत गावोगाव फिरवलेली. धनी गेले आणि गाडी उभी राहिली. विकायला मन होत नाही, चालवायला कुणी नाही. मग एखाद्या दिवाळीत पुण्याहून नातू येतो, ताडपत्री ओढतो, ट्रॅक्टरची बॅटरी सोडवून आणतो आणि विचारतो, "आज्जी, चावी कुठं ठेवलीय?"

चावी देऊ नये. निदान त्या दिवशी तरी देऊ नये.

दहा-पंधरा वर्षे नुसते उभे राहून इंजिनाचे जेवढे नुकसान झालेले नसते, तेवढे चावी फिरवल्यावरच्या पहिल्या अर्ध्या मिनिटात होते. कारण साधे आहे. चालत्या इंजिनात पिस्टन आणि सिलेंडर, क्रँक आणि तिची बेअरिंगे यांच्यामध्ये तेलाचा पातळ थर असतो. गाडी उभी राहिली की हे तेल हळूहळू खाली चेंबरमध्ये उतरते. वर राहते ते कोरडे लोखंड. पावसाळ्याची ओल त्यावर गंज धरते, पिस्टनच्या रिंगा आपल्या खाचेत चिकटतात. अशा इंजिनाला सेल्फ मारला की गंजाचे कण कानशीसारखे सिलेंडर खरवडतात, आणि बेअरिंगे तेल पोचेपर्यंत कोरडीच फिरतात.

आपल्या कारखान्यात हंगामाच्या तोंडावर काय होते ते आठवा. बॉयलर पेटला म्हणून कुणी लगेच मिल फिरवत नाही. आधी टर्बाइनचा ऑइल पंप चालू होतो. बेअरिंगला तेल पोचल्याचे गेजवर दिसावे लागते. मग मिल रिकामी, सावकाश फिरवतात, कान देऊन ऐकतात, आणि सगळे ठीक दिसले म्हणजे मगच मोळी पडते. सहा-सात महिने थांबलेल्या यंत्राला आपण एवढे जपतो. मोटारीचे इंजिन त्याहून कितीतरी वर्षे जास्त थांबलेले असते, एवढे ध्यानात घेतले तर पुढचा सगळा क्रम आपोआप कळतो.

हा लेख पेट्रोल गाड्यांपुरता आहे. डिझेल इंजिन बंद करण्याची रीतच वेगळी असते. त्याचा पंप उघडा अडकलेला असला तर ते सुरू झाल्यावर बेफाम पळते आणि चावी काढून थांबत नाही. डिझेल जीप असेल तर पंपाचे काम करणाऱ्या मिस्त्रीला बोलावल्याशिवाय हात लावू नये.

पहिला दिवस नुसता पाहण्याचा. बॅटरी अजून जोडायची नाही. चाकांना पुढून-मागून दगड लावावेत, गिअर न्यूट्रलमध्ये आहे का पाहावे. क्लच-प्लेट गंजून फ्लायव्हीलला चिकटलेली असते, त्यामुळे नुसता क्लच दाबून गाडी सुटली असे समजू नये. बॉनेट उघडताना काठी जवळ असू द्यावी. हे विनोदाने लिहीत नाही. उसाच्या पट्ट्यात उंदीर आणि उंदरामागे जे येते ते, दोघांनाही बॉनेटखालची जागा फार आवडते. एअर क्लीनर, सायलेन्सरची नळी, डॅशबोर्डमागची वायर, सगळीकडे उंदरांची घरटी निघतात. कुरतडलेली वायर नंतर बॅटरी लावल्यावर पेट घेते, म्हणून ती आजच शोधलेली बरी.

आता इंजिन फिरते का, हा प्रश्न. आधी प्लगांभोवतीची माती फुंकून काढावी, नाहीतर ती सरळ सिलेंडरमध्ये जाते. प्लगच्या वायरींना चिठ्ठ्या बांधून प्लग काढावेत. जीप, फियाट, ॲम्बॅसॅडर या तिन्ही चार-सिलेंडर इंजिनांचा पेटण्याचा क्रम १-३-४-२ असाच आहे, तरी चिठ्ठ्या बांधाव्यात. चारही भोकांतून प्रत्येकी दोन चमचे इंजिन ऑइल आणि डिझेल निम्मे-निम्मे मिसळून सोडावे, भोकांवर स्वच्छ फडके टाकावे आणि दोन-तीन दिवस गाडीकडे फिरकू नये. तेल रिंगांत मुरायला तेवढा वेळ लागतो. घाई इथेच नडते.

मग हँडल लावून, प्लग काढलेल्याच स्थितीत, इंजिन हाताने फिरवावे. प्लग नसल्यामुळे कॉम्प्रेशन नसते, म्हणजे चांगले इंजिन एका हाताने फिरले पाहिजे. शिवाय सिलेंडरमध्ये पाणी उतरलेले असेल तर ते भोकातून बाहेर पडते. प्लग लावलेले असताना तेच पाणी दाबले जात नाही आणि कनेक्टिंग रॉड वाकतो. हँडल हलत नसेल तर जोर करायचा नाही. थोडे पुढे, थोडे मागे, असा झोका द्यावा. नाहीच हलले तर पुन्हा तेल सोडून आठवडाभर थांबावे. गाडी वरच्या गिअरात टाकून दोघांनी हाताने पुढे-मागे हलवली तरी चालते. तरीही इंजिन जाम असेल तर हेड उतरवायची वेळ आली असे समजावे आणि मिस्त्री गाठावा.

या टप्प्यावर कुणीतरी म्हणतोच, "लावा की ट्रॅक्टरला साखळी, दोन वावरं ओढली की सुटतंय." आम्हाला या सल्ल्याविषयी कडक शब्दांत लिहावेसे वाटते. ट्रॅक्टरच्या जोरापुढे जाम पिस्टन सुटत नाही, मोडतो. रिंगा तुटून सिलेंडरमध्ये ओरखडे पाडतात, रॉड वाकतात, नाहीतर क्लच फाटतो. जे काम चार चमचे तेलात आणि आठवड्याच्या धीरात झाले असते ते बोअर करून नवे पिस्टन टाकण्यावर जाते. जुन्या इंजिनाचे सुटे भाग आता तालुक्याच्या गावी मिळत नाहीत. ॲम्बॅसॅडरचे उत्पादन २०१४ साली थांबले, फियाटचे तर त्याच्याही आधी. मोडलेला भाग पुन्हा मिळवण्यात वर्ष जाते.

इंजिन फिरू लागले की झाकण उघडून व्हॉल्व्ह पाहावेत. फियाट आणि ॲम्बॅसॅडरमध्ये सगळे व्हॉल्व्ह हेडमध्ये असतात. हरिकेन इंजिनाच्या जीपमध्ये आत घेणारे वर हेडमध्ये आणि धूर सोडणारे बाजूला ब्लॉकमध्ये, म्हणून तिथे दोन झाकणे उघडावी लागतात. एकजण हँडल फिरवील, दुसऱ्याने प्रत्येक व्हॉल्व्ह वर-खाली होतो का पाहावे. एखादा वरच अडकला तर त्याच्या दांडीवर पातळ तेल सोडून थांबावे. तसाच फिरवला तर त्याला ढकलणारी कांडी वाकते.

तेल बदलणे सोपे असले तरी त्यात एक शिकण्यासारखी गोष्ट आहे. चेंबरचा नट एकदम काढू नये, सैल करून आधी काय गळते ते पाहावे. पाणी तेलापेक्षा जड, त्यामुळे आत पाणी असेल तर तेच आधी येते. चमचाभर पाणी हवेतल्या ओलीचे असू शकते. वाटीभर आले तर हेड-गॅस्केट गेले आहे किंवा ब्लॉकला चीर आहे, आणि ते शोधल्याशिवाय पुढे जाण्यात अर्थ नाही. नवे तेल २०-डब्ल्यू-४० किंवा ५० असे जाड, साधे खनिज तेल घ्यावे. आजच्या गाड्यांचे पातळ महागडे तेल या इंजिनांना मानवत नाही, जुन्या सीलमधून ते गळत राहते. फिल्टरही बदलावा.

आता पेट्रोल. इथे जरा जास्त लिहितो, कारण या विषयात आपल्या कारखानदारीचाही हात आहे.

जुने पेट्रोल आधीच वाईट. त्यातला हलका भाग उडून जातो, उरलेल्याला रोगणासारखा आंबूस वास येतो आणि त्याचा डिंक होऊन कार्बोरेटरची बारीक जेट बुजतात. त्यात आता इथेनॉलची भर पडली आहे. आपल्या मळीपासून आणि रसापासून होणारे हेच अल्कोहोल. २००१ साली पेट्रोलमध्ये ते मिसळण्याचे पहिले प्रयोग झाले त्यात आपल्याकडची मिरज आणि मनमाड ही दोन ठिकाणे होती. २००३ च्या जानेवारीपासून काही राज्यांत ५ टक्के मिश्रण सुरू झाले आणि २०२५ साली देशाने २० टक्क्यांचा पल्ला गाठला. ज्याच्या उसाला त्यातून दोन पैसे मिळतात त्याने इथेनॉलला नावे ठेवावीत असे आम्ही मुळीच म्हणणार नाही. पण १९६० किंवा १९७० सालच्या गाडीची रबरे हे मिश्रण डोळ्यापुढे ठेवून केलेली नव्हती, हेही खरे आहे.

अल्कोहोलला पाण्याची ओढ असते. डिस्टिलरीत ज्यांचे जाणे-येणे आहे त्यांना हे ठाऊक आहे. साध्या ऊर्ध्वपातनाने ९५-९६ टक्क्यांपुढे शुद्धता जात नाही, कारण उरलेले पाणी अल्कोहोल सोडतच नाही. पेट्रोलमध्ये घालण्यासाठी ते वेगळ्या रीतीने कोरडे करावे लागते. हेच कोरडे अल्कोहोल टाकीत पडून राहिले की हवेतली ओल पुन्हा ओढून घेते. पाणी एका मर्यादेपलीकडे गेले की अल्कोहोल आणि पाणी मिळून पेट्रोलपासून फुटतात आणि टाकीच्या तळाशी जाऊन बसतात. पंपाची नळी कुठून ओढते? तळातूनच. म्हणजे कार्बोरेटरला आधी मिळते ते हे पाणी, आणि टाकीचा पत्राही तळातूनच गंजतो.

म्हणून जुने पेट्रोल थेंबन्‌थेंब काढून टाकावे. "थोडं नवं टाकून चालवू" हा विचार करू नये. टाकी उतरवून धुवावी, पेट्रोलच्या रबरी नळ्या इथेनॉलला टिकणाऱ्या नव्या घालाव्यात, नवा फिल्टर बसवावा. इंजिनाच्या कुशीला असलेल्या छोट्या पंपातला रबरी पडदाही बदलावा. तो फाटला तर पेट्रोल बाहेर न दिसता आत चेंबरच्या तेलात उतरते. तेलाची कांडी काढून वास घ्यावा. पातळी आपोआप वाढलेली आणि वास पेट्रोलचा, तर पडदा फाटला हे नक्की. पुढेही अशा गाडीत टाकी भरून ठेवू नये. लागेल तेवढे पेट्रोल घ्यावे आणि महिन्या-दोन महिन्यांत संपवावे.

पेट्रोल काढण्याचे काम घरात, शेडमध्ये किंवा खड्ड्यात उतरून करू नये. पेट्रोलची वाफ हवेपेक्षा जड असते. ती वर उडून न जाता जमिनीलगत सरपटत जाते आणि वीस-पंचवीस फुटांवरच्या चुलीपाशी पेट घेऊ शकते. मोकळ्या अंगणात, सावलीत, पत्र्याच्या डब्यात काढावे, प्लॅस्टिकच्या बादलीत नाही. विडी-काडी लांब, मोबाइलवरचा टॉर्चही खिशात, पोरेबाळे घरात. वाळूची दोन घमेली आणि पावडरचा अग्निशामक शेजारी ठेवावा. पेट्रोलच्या आगीवर पाणी ओतायचे नसते, आग पाण्यावर तरंगत पसरते.

सगळ्यात घातक गोष्ट म्हणजे टाकीला गळती दिसली की ती वेल्डिंगला नेणे. भरलेल्या टाकीपेक्षा रिकामी टाकी जास्त धोक्याची, कारण तिच्यात वाफ आणि हवा यांचे मिश्रण भरलेले असते. ठिणगी पडली की टाकी बॉम्बसारखी फुटते आणि समोर बसलेला माणूस जातो. "दोनदा धुतलीय, काही होत नाही" या भरवशावर कोणाच्याही मुलाला त्या टाकीसमोर बसवू नका. टाकी दुरुस्तीचेच काम करणाऱ्याकडे द्यावी, नाहीतर नवी करून घ्यावी.

पाणी आणि वीज यांचे थोडक्यात सांगतो. रेडिएटर आणि ब्लॉक दोन्हीकडून गढूळ पाणी सोडून द्यावे, होज पाइप दाबून पाहावेत. कडक किंवा फुगलेला असेल तर बदलावा, फॅनबेल्टही. बोअरचे क्षाराचे पाणी कायमचे भरू नये. शुद्ध पाणी आणि कूलंट घालावे. डिस्ट्रिब्युटरचे पॉइंट बारीक पॉलिश पेपरने पुसून गाडीच्या पुस्तकात दिलेली फट ठेवावी. बॅटरी जोडण्याआधी दोन गोष्टी तपासाव्यात. सुरुवातीच्या विलीज जीपला बॅटरी ६ व्होल्टची होती, तिला १२ ची लावली तर बल्ब आणि कॉइल जातात. आणि काही जुन्या गाड्यांत आजच्या उलट, पॉझिटिव्ह टोक बॉडीला जोडलेले असते.

मग तो दिवस येतो. गाडी ढकलून अंगणात आणावी. शेडचे दार उघडे ठेवले म्हणजे भागते असे नाही. धुरातल्या कार्बन मोनॉक्साइडला रंग नाही, वास नाही, आणि माणूस झोप आल्यासारखा बसतो तो उठत नाही. प्लग अजून लावायचे नाहीत. कॉइलची वायर काढून सेल्फ आठ-दहा सेकंद मारावा, थांबावे, पुन्हा मारावा. ऑइलचा काटा वर सरकेपर्यंत किंवा दिवा विझेपर्यंत हे करायचे. टॅपेटचे झाकण उघडे असेल तर वर तेल पाझरताना डोळ्यांनी दिसते. ही खूण पटल्याशिवाय पुढे जाऊ नये. अर्धा डझन खेपांनंतरही काटा हलला नाही तर ऑइल पंपाने ओढ धरलेली नाही, त्याला मिस्त्रीकडून तेल पाजून घ्यावे.

प्लग लावले, वायर जोडली, चोक ओढला, आता चावी फिरवा. दोन-तीनदा नुसता खोकून थांबेल. त्या वेळी बाटलीने कार्बोरेटरच्या तोंडात पेट्रोल ओतण्याची खोड पुष्कळांना आहे. इंजिन उलटे फुटले की कार्बोरेटरमधून जाळ वर येतो, आणि हातात उघडी बाटली असते. असे करू नये. पंपाला पेट्रोल ओढायला वेळ द्यावा.

हँडलने सुरू करणार असाल तर धरण्याची रीत जुन्या ड्रायव्हरकडून शिकून घ्या. अंगठा मुठीत चार बोटांच्याच बाजूला ठेवायचा, हँडलला वेढा घालायचा नाही. हँडल खालून वर ओढायचे, वरून खाली कधीही दाबायचे नाही. इंजिनाने उलटा झटका दिला तर हँडल बोटांतून सुटते. अंगठा पलीकडे असेल तर तो तरी मोडतो किंवा मनगट. मोटारीला विजेचा सेल्फ पहिल्यांदा १९१२ साली अमेरिकेतल्या कॅडिलॅकला आला, तोवर हा अपघात जगभर रोजचाच होता.

इंजिन लागले की सगळे टाळ्या वाजवतील. एकाने मात्र ऑइलच्या काट्यावरून नजर हलवू नये. पाच-सात सेकंदांत प्रेशर दिसले नाही तर ताबडतोब बंद. ॲक्सिलेटर दाबून आवाज ऐकण्याचा मोह आवरावा. नेहमीपेक्षा जरा चढ्या आयडलवर चालू द्यावे. आपणच सोडलेले तेल जळून निळा धूर भरपूर येतो, तो काही मिनिटांत ओसरतो. पांढरा धूर गरम झाल्यावरही थांबला नाही तर पाणी सिलेंडरमध्ये जाते आहे. दुसऱ्याने पेट्रोलच्या नळ्यांखाली गळती पाहत राहावे. इंजिन पुरते गरम झाले की बंद करावे. रेडिएटरचे झाकण त्या वेळी उघडू नये, उकळते पाणी तोंडावर येते. थंड झाल्यावर कांडी पाहावी. तेल दुधाळ झाले असेल तर त्यात पाणी मिसळले आहे. चार-पाच तास चालवून झाले की हे नवे तेलही काढून टाकावे, कारण आतली सगळी घाण त्यात उतरलेली असते. इथे कंजुषी नको.

इंजिन चालले म्हणजे गाडी रस्त्यावर न्यायची नाही. ब्रेकचे तेलही ओल ओढते आणि चाकांतले सिलेंडर आतून गंजतात. पहिल्या दाबाला पेडल घट्ट लागते आणि उतारावर पायाखाली फुसकन बसते. मास्टर सिलेंडरपासून चाकापर्यंत सगळी रबरे बदलल्याशिवाय फाटकाबाहेर काढू नये. टायरवर नक्षी दिसत असली तरी रबर वाळून चिरलेले असते, तेही नवे घ्यावेत.

कागदांचेही पाहून ठेवावे. खासगी मोटारीची नोंदणी १५ वर्षांची असते, पुढे दर ५ वर्षांनी आर.टी.ओ.कडे गाडी दाखवून नूतनीकरण करावे लागते. विमा आणि पी.यु.सी. वेगळे. गाडी वडिलांच्या नावावर राहिली असेल तर आधी वारसाच्या नावे करून घ्यावी. पहिल्या नोंदणीला ५० वर्षे उलटलेल्या आणि मूळ स्वरूपात राखलेल्या गाडीसाठी २०२१ साली व्हिंटेज नोंदणीची सोय झाली आहे. ही नोंदणी १० वर्षांची असते. मात्र अशी गाडी प्रदर्शनाला किंवा रॅलीला नेता येते, रोज कारखान्यावर यायला-जायला वापरता येत नाही.